दत्ताची चार आणि आपलं एक

नांदेड जिल्ह्यात कुत्र्याची ओळख फार वरपर्यंत आहे. माहूरच्या शिखरावर दत्त आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री. लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबा. आणि खंडोबा म्हटलं की घोडा आला, घोड्याबरोबर कुत्रं आलंच. गाईचा अपवाद सोडला, तर एवढा वशिला दुसऱ्या कुठल्या जनावराला लाभलेला नाही.

दत्ताची तसबीर एकदा कुत्रं पाळणाऱ्याच्या नजरेनं बघा. चार कुत्री आहेत, एकाच्याही गळ्यात पट्टा नाही. मागं गाय उभी आहे, तिच्यावर कुणी भुंकत नाही. समोर पेढ्यांचा बॉक्स उघडा, तिकडं एकाचंही नाक वळलेलं नाही. मालकाच्या पायात खडावा, आणि त्या खडावा शाबूत. ही चार कुत्री म्हणजे चार वेद, असं सांगतात. वेद पाठ असले की एवढी शिस्त येत असणार.

त्याच तसबिरीखाली, नांदेडच्या भाग्यनगरात म्हणा किंवा लातूरच्या औसा रोडवर म्हणा, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात एक लॅब्रडॉर राहतो. वेद सोडा, त्याला ‘खाली उतर’ एवढंही पाठ नाही. घरातल्या चपला, टीव्हीचा रिमोट, पाहुण्यांच्या सुनेची ओढणी आणि नीटला बसलेल्या मुलीच्या जीवशास्त्राच्या नोट्स एवढं त्याच्या पोटात गेलेलं आहे. नोट्समधलंही पचनसंस्थेचं प्रकरण आधी. बेल वाजली की तो दारावर झेप घेतो, कुकरची शिट्टी झाली की रडतो, आणि एकटा ठेवला की अशी काही गाणी म्हणतो की खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक सोसायटीला अर्ज लिहायला घेतात.

‘कुत्रं बिघडलंय’ असं मग सगळेच म्हणू लागतात. बिघडलंय म्हणजे नेमकं काय, तर ते भुंकतं, चावतं, हुंगतं, खोदतं आणि पळतं. यातली एकही गोष्ट कुत्र्याच्या जातीला नवीन नाही. नवीन आहे तो फ्लॅट, आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत हा विषय काढून बघा. साखर, गुडघे आणि निवडणूक, तिन्ही बाजूला पडतात. ज्यांनी आयुष्यात कोंबडीसुद्धा पाळली नाही तेही थांबून उपाय सांगतात. “सोफ्याला मिरचीपूड लावा.” “मुतलं की मानगूट धरून तिथं न्या, नाक घासा.” “एक टाइम उपाशी ठेवा, सुतासारखं सरळ येतंय.” “पेपरची सुरळी करून हाणा, लागत नाही, नुसता आवाज होतो.” “बांधून टाका आठ दिवस.” एखादे काका नेहमीची तान घेतात : “आवं, हाणा की दोन. आमी नाही का सुधरलो?” काकांकडं बघून हा पुरावा मान्य करावा की नाही, असा प्रश्न पडतो, पण वयाचा मान राखावा लागतो. या सगळ्यांत एखादी आजी असते. ती म्हणते, “दृष्ट लागली असंल बाई लेकराला, मीठ-मोहरी उतरून टाक.” सबंध यादीत हा एकच उपाय असा आहे की ज्यानं कुत्र्याला काही इजा होत नाही. मीठ-मोहरीनं फरक पडत नसेल. बिघाडही होत नाही. बाकीच्या उपायांबद्दल एवढं म्हणता येत नाही.

नाक घासण्याचंच घ्या. यात मालकाचं गणित असं की, गुन्हा आणि शिक्षा यांची सांगड कुत्रं घालेल. कुत्र्याचं गणित वेगळं असतं. मूत सकाळी सहाला झालं, मालक साडेसातला चहा घेऊन तिथं पोचला आणि मग नाक घासलं गेलं. मधल्या दीड तासात कुत्र्याच्या आयुष्यात बऱ्याच घडामोडी झालेल्या असतात. ज्या कामाचं फळ त्याला समजायला हवं, ते फळ त्या कामाला चिकटून, सेकंदा-दोन सेकंदांत यावं लागतं. उशिरा आलेल्या शिक्षेतून ते एवढंच शिकतं की, चहाचा कप हातात असलेला हा माणूस आणि जमिनीवरचं ओलं एकत्र आलं की आपलं काही खरं नाही. मग ते मुतणं थांबवत नाही, माणसासमोर मुतणं थांबवतं. सोफ्यामागं, पलंगाखाली, धान्याच्या कोठीआड अशा नव्या जागा शोधतं. आणि फिरायला नेलं तर तासभर हिंडूनही काही करत नाही, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला तोच माणूस आहे. घरी आल्यावर पुन्हा कोठी. मालक म्हणतो, “किती डांबरट आहे!”

“पण त्याला कळतं हो! तोंड बघा की त्याचं,” हे पुढचं वाक्य. मान खाली, कान मागं, डोळे वर, शेपूट पोटाखाली. चोर पकडल्याचा पंचनामा मालक तिथंच पूर्ण करतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी 2009 साली याच तोंडाचा अभ्यास छापला. खाऊ समोर ठेवून मालकानं ‘खायचं नाही’ म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कधी खरं सांगायचं, कधी खोटंच सांगायचं की कुत्र्यानं खाल्लं. निघालं असं की, ते अपराधी तोंड कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर ठरतच नव्हतं, मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. आणि ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं पण बोलणी खाल्ली, त्यांची तोंडं सगळ्यांत अपराधी दिसली. एकत्र कुटुंबात नवी सून म्हणून राहिलेल्या कुठल्याही बाईला हा निष्कर्ष प्रयोगाशिवाय सांगता आला असता.

सगळ्यांत भारदस्त सल्ला मोबाइलवरून येतो. त्यात एक लांडगा असतो, त्याच्या मागं मावळता सूर्य, आणि मजकूर असा की कुत्रं म्हणजे शेवटी लांडगाच, कळपाला एक ‘अल्फा’ लागतो, मालक कोण ते त्याला एकदा दाखवून द्या. दाखवायचं कसं, तर त्याला पाठीवर पाडायचं, दाबून धरायचं, डोळ्यांत डोळे घालायचे. ज्याला अठ्ठेचाळीस रुपयांच्या कोथिंबिरीबद्दल भाजीवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालता येत नाहीत, तो माणूस मग घरी येऊन कुत्र्यापुढं अल्फा होतो.

या अल्फाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे पाहिले आणि 1947 साली त्यावर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात डांबले, ते भांडले, आणि त्या भांडणावरून सगळ्या लांडगेजातीचा स्वभाव ठरला. डेव्हिड मीच या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1970 च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना उचलली आणि ती जगभर गेली. पुढं मीच स्वतः कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर जाऊन उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळे लांडगे बघत बसले. तिथं दिसलं ते एवढंच : आई, बाप आणि त्यांची पोरं. कळप म्हणजे कुटुंब, आणि अल्फा म्हणजे पोरांना खाऊ घालणारे आईबाप. 1999 साली त्यांनी तसं जाहीर लिहून टाकलं. शास्त्रज्ञानं आपलं म्हणणं मागं घेतलं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी अजून घेतलेलं नाही.

शिवाय, लांडग्यांचं काहीही असो, मराठवाड्यातल्या घरात अल्फा कोण हे कुत्र्याला पहिल्या संध्याकाळीच कळलेलं असतं. ज्या व्यक्तीच्या हातात भाकरीचं टोपलं असतं ती.

इथं लातूरबद्दल बोलायलाच हवं. दहावी-बारावीच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्राला दिला. राज्यभरातली पोरं इथं खोली करून राहतात. शिकण्याचं काय आहे, ते या शहराला माहीत आहे : धडा छोटा पाहिजे, सराव रोज पाहिजे, चूक झाली की लगेच कळली पाहिजे, बरोबर आलं की लगेच पाठ थोपटली पाहिजे, आणि सोपं जमल्याशिवाय अवघड हातात द्यायचं नाही. जगातले जाणते श्वानप्रशिक्षक याहून वेगळं काहीही सांगत नाहीत. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं 2021 साली जे निवेदन काढलं, त्याचा सारांशही हाच : कुत्र्याला बक्षिसानं शिकवा, मारून, झटके देऊन, धाक घालून शिकवू नका. वेल्समध्ये तर विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर 2010 पासूनच बंदी आहे. आणि तरी ज्या लातुरात पोराच्या एका मार्कासाठी तीन शिकवण्या लावतात, त्याच लातुरात कुत्र्यानं मात्र सगळं आपोआप यावं, अशी अपेक्षा असते. टेस्ट सिरीज नाही, रिव्हिजन नाही, थेट बोर्डाची परीक्षा. नापास झालं की पेपरची सुरळी.

विद्यार्थी म्हणून कुत्र्यात खोट नाही. उलट ते फार हुशार असतं, आपण नकळत शिकवलेलंही पक्कं लक्षात ठेवतं. उन्हाळ्यात लातूरच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो; 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं टँकर म्हणजे घरचाच पाहुणा. कुत्रं फाटकात येऊन भुंकतं. टँकर पाणी ओततो आणि निघून जातो. आपल्याला माहीत असतं की तो जाणारच होता. कुत्र्याला काय माहीत असतं? एवढं मोठं गुरगुरणारं धूड आपण आवाजाच्या जोरावर पळवून लावलं. दर खेपेला. शंभर टक्के निकाल. गॅसवाला, पेपरवाला, कुरिअरवाला, सगळे पळाले. इतका यशस्वी धंदा कोण बंद करील? आणि आपण आतून ‘गप ए! गप बस!’ असं ओरडतो, तेव्हा त्याला वाटतं, चला, घरचेही सोबतीला भुंकायला लागले.

यावरचा माणुसकीचा उपाय कंटाळवाणा आहे, हीच त्यातली अडचण. टँकरचा आवाज लांबून येऊ लागला, कुत्र्यानं कान टवकारले पण तोंड उघडलं नाही, त्या क्षणी हातातला पनीरचा तुकडा त्याच्या तोंडात गेला पाहिजे. फाटकाजवळ नको, आतल्या खोलीत, जिथून आवाज बारीक येतो. रोज. हळूहळू आवाज आला की ते फाटकाकडं धावण्याऐवजी आपल्याकडं बघायला लागतं. यात शौर्य नाही, व्हिडिओ काढण्यासारखं काही नाही, आणि पनीर महाग आहे. म्हणून बहुतेक लोक ओरडणंच पसंत करतात. ते फुकट असतं.

बरं, पनीर देणारा एक असून भागत नाही. कुत्र्याला वळण लावायचं तर घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. ही अट वाचून बरेच वाचक इथंच थांबतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, एवढा एक प्रश्न घ्या. बाबांचं उत्तर : अजिबात नाही. आईचं : चादर टाकली असेल तर चालेल. मुलाचं : बाबा ऑफिसला गेल्यावर चालेल. आजोबांना प्रश्नच ऐकू आलेला नाही. हुकमाची भाषा वेगळीच भानगड. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगूचा वावर, उदगीरच्या पलीकडं कन्नड, नांदेडच्या बाजारात दखनी, आणि शाळेत इंग्रजी. आजोबा ‘बैस’ म्हणतात, आई ‘खाली बस की रे बाळा’, मुलगा ‘सिट, सिट, सिट’, कामाच्या मावशी ‘कूर्चो’, आणि बाबा नुसतेच ‘ए!’. कुत्रं सगळ्यांचं नीट ऐकून घेतं, आणि ठराव मंजूर होईपर्यंत उभं राहतं.

पण या सगळ्यांवर मात करणारी आजी असते. जेवताना कुत्रं ताटाशी येऊन लाळ गाळतं, हे थांबवायचं म्हणून घरात बैठक होते. ठरतं की ताटातलं कुणीही, काहीही द्यायचं नाही. पहिले दोन दिवस कडक जातात. तिसऱ्या दिवशी पाटाखालून एक हात सरकतो, त्यात तूप लावलेला ज्वारीच्या भाकरीचा चतकोर असतो. विचारलं तर उत्तर तयार : “मुकं जितराब हाय, त्याच्यापुढं कसं जेवावं? घास उतरंना मला.”

आजीला कल्पना नसते की, तिनं बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध शोध पाटाखाली सिद्ध केलेला आहे. रोज भाकरी मिळाली आणि मग बंद झाली, तर कुत्रं थोडे दिवस बघतं आणि नाद सोडतं. कधी मिळते, कधी मिळत नाही, असं झालं की नाद सुटत नाही, उलट वाढतो. मटक्याचं हेच तर आहे. रोज आकडा लागला असता तर मटका नोकरी झाला असता आणि लोक रजा टाकायला लागले असते. कधीतरी लागतो म्हणून माणूस घर विकून खेळतो. तिसऱ्या दिवसाच्या चतकोरानं कुत्र्याला एवढंच कळतं की, आकडा लागतो, फक्त बसून राहायला पाहिजे. मग ते बसून राहतं. वर्षानुवर्षं.

आजीच्या बाजूनं मात्र फार मोठा साक्षीदार आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे ज्यांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं त्या नामदेवांची गोष्ट घराघरात सांगतात. कुत्र्यानं पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले : कोरडी खाऊ नकोस, तूप घे. भक्तीच्या हिशेबात हा प्रसंग अत्युच्च आहे, आणि ते कुत्रं प्रत्यक्ष विठ्ठल होतं हे पुढं उघडही झालं. प्रशिक्षणाच्या हिशेबात मात्र चोरीला बोनस दिल्यासारखं झालं. पंढरीच्या राण्याला वळण लावण्याची गरज नव्हती म्हणून निभावलं. आपल्याकडं पळवापळवी करणाराचं नाव ब्रुनो आहे, आणि त्याच्या पोटात ओढणी आहे.

आजीला पटवण्याचा मार्ग शेवटी तडजोडीचा निघतो. चतकोर द्यायचाच, पण जेवण झाल्यावर, कुत्रं आपल्या जागेवर बसलेलं असताना, त्याच्याच थाळीत. आजीचा घास उतरतो आणि कुत्र्याला कळतं की बक्षीस ताटाजवळ नाही, कोपऱ्यात मिळतं. एक पथ्य पाळायला लागतं : कांदा, लसूण, मनुके, द्राक्षं, चॉकलेट त्याला चालत नाहीत, विषारी असतात. म्हणजे आपल्याकडची कुठलीही भाजी नको. नुसती भाकरी.

आता थोडं गंभीर. मूळ स्वभावाचं शांत जनावर अचानक चिडायला लागलं, हात लावला की दात दाखवू लागलं, घरात घाण करू लागलं, तर ते ‘माजलं’ म्हणण्याआधी त्याला दुखतंय का हे बघायचं असतं. कानात सडलंय, दाढ हललीय, कंबर धरलीय, हे ते सांगू शकत नाही. आपल्याकडं लोक आधी कुत्र्याचा स्वभाव दुरुस्त करायला बघतात आणि कान दोन महिन्यांनी तपासतात. मांजरांचं तर विचारू नका. बोका पलंगावर मुतला की ‘राग काढतोय’ म्हणतात. लघवीच्या पिशवीला त्रास असला तर मांजरं असंच करतात. आणि बोका वारंवार मातीत बसून जोर करतोय, पण थेंबही पडत नाही, असं दिसलं तर दुसरा दिवस उजाडायची वाट बघायची नसते. ते जिवावर बेततं.

दवाखान्याची सोय या भागात नाही असं म्हणता येत नाही. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. फक्त या भागातला ‘गुरांचा दवाखाना’ नावाप्रमाणंच मुख्यतः गुरांचा असतो. बाहेरच्या ओळीत पुढं एक म्हैस, मागं पाय धरलेला देवणी बैल, आणि मध्ये शाम्पूचा वास मारणारं शिह-त्झू घेऊन उभी असलेली सोसायटीतली मंडळी. कास दगडासारखी झालेल्या म्हशीचा मालक वळून विचारतो, “काय झालंय हो याला?” “अहो, हल्ली उदास असतो.” तो माणूस काही बोलत नाही. त्याचं न बोलणं मी ऐकलेलं आहे.

सोफा ओरबाडणाऱ्या मांजराची तक्रार मात्र या दोन जिल्ह्यांत तरी कुणी करू नये. मांजराच्या पंजात गंधग्रंथी असतात. ओरबाडून ते नखं साफ करतं, अंग ताणतं आणि ‘हा मुलूख माझा’ अशी सहीही करतं. त्याला ओरबाडायची बंदी करता येत नाही, जागा बदलता येते. लातूर हे सोयाबीनच्या मोठ्या बाजारपेठेचं गाव. आडतीत तागाच्या पोत्यांना काय तोटा? एक पोतं सोफ्याशेजारच्या लाकडी खांबाला घट्ट गुंडाळून सुतळीनं बांधायचं, उभं अंग ताणता येईल एवढं उंच. मांजर पोतं पसंत करतं. शहरातल्या दुकानात याच वस्तूला रंगीत गोंडा लावून भलती किंमत घेतात.

जनावराला मायेनं वळण लावावं, हे आपल्याच भागातल्या शेतकऱ्याला शिकवायला जावं लागत नाही, असं मी म्हणणार होतो; पण तिथंही हिशेब सरळ नाही. कंधारचा लाल कंधारी आणि देवणीचा देवणी, असे दोन दमदार गोवंश याच मातीनं दिले. असा बैल जिभेच्या एका चुटक्यावर वळवणारी माणसं अजून आहेत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते. जोखडानं घासलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि बैलाला रीतसर सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ वर्षभर राबवलेल्या नोकराला एवढ्या अदबीनं जेवायला बोलावणारं ऑफिस माझ्या पाहण्यात नाही. आणि त्याच माणसाच्या हातात उरलेले दिवस टोकदार आर लावलेली पराणी असते. काटेरी काठीनं जनावर हाकायला 1965 च्या नियमांनी बंदी आहे, हे बैलाला माहीत नाही, आणि मालकालाही.

कायद्याचं निघालंच आहे तर, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा घ्या. त्याच्या कलम 11 मध्ये एक फार सुंदर गुन्हा लिहून ठेवलेला आहे. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं, हा मालकाचा गुन्हा. आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधणं, हाही. म्हणजे ‘बांधून टाका आठ दिवस’ हा सकाळच्या मंडळींचा सल्ला कायद्याच्या भाषेत चिथावणी ठरतो. पहिल्या गुन्ह्याला दंड : कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. 1960 साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज त्यात पेपरच्या सुरळ्याही मोजक्याच येतील.

त्या कलमात बराच व्यवहार आहे, कारण ‘बिघडलेल्या’ कुत्र्यांतली निम्मी-शिम्मी नुसती कंटाळलेली असतात. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव कारवान आणि पश्मी या शिकारी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, आत गेलेलं पोट, वाऱ्याशी पैज लावणारी जात. असलं कुत्रं कौतुकानं शहरात आणायचं, सव्वा चौरस मीटरच्या बाल्कनीत ठेवायचं आणि ते रेलिंग कुरतडतं म्हणून ओरडायचं! निदान या कुत्र्याला इथलं ऊन तरी परवडतं. काही हौशी लोक हस्की पाळतात. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला तयार झालेला तो जीव मे महिन्यात नांदेडच्या चव्वेचाळीस अंशांत फरशीला चिकटून पडलेला असतो, आणि मालक सांगतो, “लई आळशी निघाला.” बोकूडसुद्धा सावली बघून उभं राहतं अशा दुपारी, डांबरी रस्त्यावर त्याला फिरवून आणतात. स्वतः चप्पल घालून. रस्त्याला हाताचा पालथा पंजा लावून बघावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या चार तळव्यांनाही कातडीच आहे.

पिल्लाचं चावणं मात्र थोडं समजून घ्यावं. चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात त्याचे दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के येतात. हिरड्या शिवशिवतात. त्याला चघळायला गार ओलं फडकं दिलं आणि चपला कपाटात ठेवल्या, तर प्रश्न बराचसा मिटतो. चपला कपाटात ठेवणं ही गोष्ट घरातल्या माणसांना शिकवायला पिल्लाच्या शिक्षणापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मान्य. आणि दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं, तर ते ‘लाडावतं’ हे खोटं. भीती लाडानं वाढत नाही. खुशाल जवळ घ्या.

दर वर्षी मार्गशीर्षात, येळवसेच्या तोंडावर, माळेगावची यात्रा भरते. घोडे येतात, गाढवं येतात, उंट येतात; अश्वप्रदर्शनासोबत श्वानप्रदर्शनही असतं, आणि कुत्र्यांचा बाजारही भरतो. गोणपाटावर बसलेलं, डोळे मिचकावणारं पिल्लू बघून भल्याभल्यांचं पाकीट उघडतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी मनाई आहे, तेवढं विचारून घ्या. पण त्याआधी, निघण्याच्या आदल्या रात्री, घरात सगळ्यांना एकत्र बसवा. सोफा चालेल की नाही, ‘बैस’ म्हणायचं की ‘सिट’, सकाळी साडेपाचला फिरवायला कोण नेणार, पनीरचा खर्च कुणाच्या खिशातून, हे एकेक करून ठरवा. आजीकडून चतकोराबद्दल शब्द घ्या, शक्यतो खंडोबाची आण घालून. सगळ्यांचं एकमत झालं तर पिल्लू आणा. नाही झालं, तर यात्रेला जरूर जा, देवाला भंडारा उधळा, घोडे बघा, लेकरांना रेवडी घ्या, आणि मोकळ्या हातानं घरी या.